न सांगायचं औषध

"डावीकडे खडा आहे. आठ मिलिमीटर. युरेटरमध्ये अडकलाय," सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, आणि माझी बायको सुनंदा टेबलावर पडल्या पडल्या चक्क हसली. बाहेर रिक्षात बसल्यावर मी विचारलं, हसण्यासारखं काय होतं त्यात? ती म्हणाली, "मला वाटलं गाठबीठ सांगतात की काय. खडा तर खडा."

मलाही तसंच वाटलं होतं. खड्याने कोण मरतं? आमच्या कंपनीत दर पाचवा माणूस आपल्याला खडा झाल्याचं आणि तो कसा पडला याचं वर्णन जेवणाच्या सुट्टीत करत असतो. म्हणून हे लिहितो आहे. तुमच्या घरी कुणाला हे दुखणं आलं, तर आम्ही केलेली चूक तुम्ही करू नये, एवढाच हेतू आहे.

युरेटर म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी बारीक नळी. खडा वर मूत्रपिंडात बसून असतो तोवर पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. तो नळीत उतरला आणि अडकला की नळी त्याला पुढे ढकलायला आवळत राहते, मागे लघवी तुंबते आणि जीव नको करणारी कळ सुरू होते.

आम्ही रोह्याजवळ वरशाला राहतो. मी धाटावला कंपनीत ऑपरेटर. सुनंदा रोह्याच्या बाजारात एका दुकानात ब्लाऊज शिवते. दुकानाला संडास नाही. लांब जावं लागतं म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच परत यायची आणि मी ती दारातल्या जास्वंदीला ओतायचो. दोन वर्षं ओतली. पाणी का उरतं, हे एकदाही विचारलं नाही. कंपनीत कुठला काटा कुठे गेला हे सांगायचा मला पगार मिळतो, आणि घरात ही तऱ्हा.

पहिली कळ रविवारी सकाळी आली. ती वाल सोलत बसली होती. बसली होती ती उठली, परत बसली, ओणवी झाली, भिंतीला टेकली. कळ पाठीतून निघून पुढे जांघेत उतरत होती. मी हुशारी दाखवून ओवा आणि काळं मीठ दिलं. गॅस असेल, म्हटलं. तिने ते उलटून टाकलं. मग तिला रोह्याला नेलं. सोनोग्राफी करणाऱ्या त्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "पोटात दुसरं काही बिघडलं तर माणूस गप्प पडून राहतो. खड्याचं माणूस एका जागी थांबत नाही." हे ध्यानात ठेवा.

त्यांनी आधी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. ते नुसतं दुखणं मारत नाही, मूत्रपिंडातला दाबही कमी करतं, असं त्यांनी सांगितलं. अर्ध्या तासात सुनंदाने डोळे उघडून मला विचारलं, "वाल तसेच टाकून आलो ना?" तेव्हा मला बरं वाटलं.

मग औषधं मिळाली: दुखण्याच्या गोळ्या, नळी सैल करणारी एक गोळी, आणि पोटॅशियम सायट्रेटचं सिरप. हे सिरप लघवीचा आंबटपणा कमी करतं. एरवी दिवसाला तीन लिटर पाणी, पण कळ चालू असताना मुळीच नाही. डॉक्टरीणबाईंचे शब्द सांगतो, "पुढे वाट बंद आहे. मागून लोट आणून काय होणार? कळ ओसरू दे, मग घोट घोट पाजा." थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर घरी थांबायचं नाही. लघवी गाळून बघायची, खडा पडला तर आणून दाखवायचा. दहा दिवसांनी परत सोनोग्राफी.

गाळण्यासाठी मी नवी चहाची गाळणी आणली आणि चुकून कुणी वापरू नये म्हणून तिला लाल दोरा बांधला. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या वहिनी मदतीला म्हणून स्वयंपाकघरात शिरल्या आणि दोरा बांधलेली म्हणजे खास पाहुण्यांची असणार असं समजून तीच गाळणी त्यांनी उचलली. मी कसा धावलो ते मलाच ठाऊक.

आळीला बातमी कळल्यावर औषधांची रांग लागली. एकीने कुळथाचं पाणी आणलं, दुसरीने पानफुटीची पानं, तिसरीने शहाळी. शहाळ्यांचा तर ढीग झाला. कंपनीतल्या एकाने बिअर पाजायचा सल्ला दिला आणि सोबत म्हणून यायची तयारीही दाखवली. नाही म्हणणं आमच्याकडे बसत नाही. सुनंदा सगळ्यांचं सगळं थोडं थोडं पीत राहिली, बिअर सोडून.

खरा आराम तिला मिठाने पडायचा. तिचं माहेर पेणजवळ खाडीकाठचं, पूर्वी मिठागरावर राबणारं घर. तिकडचं जाड मीठ आमच्याकडे कायम बरणीत असतं. ते तव्यावर तापवायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि बरगडीखाली पाठीला शेकायचं. मी पुरचुंडी आधी माझ्या गालाला लावून बघायचो. एकदा गाल भाजला तेव्हा ती कळ विसरून हसली होती. गोळी लागू पडेपर्यंतची ती वीस-पंचवीस मिनिटं फार लांब असतात. त्या वेळात मी शेकत असे आणि ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून ओणवी बसत असे. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण इतका वेळ आम्ही एकमेकांजवळ बसलो नव्हतो. शेकाने खडा जात नाही, डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. पण शेकू नका असं त्या म्हणाल्या नाहीत.

पाचव्या दिवशी ती माहेरी गेली. तिथे तिची हिराआत्या असते, वडिलांची बहीण, सत्तरी ओलांडलेली. सुनंदा सहा वर्षांची असताना तिची आई गेली. तिला आत्यानेच वाढवलं. आत्या मूतखड्याचं औषध देते हे मला माहीत होतं. खाडीकाठच्या सगळ्या गावांतून माणसं तिच्या ओट्यावर येतात. पैसे घेत नाही. असेल कसला तरी पाला, एवढंच मी समजून होतो, आणि पाल्याने काय बिघडणार आहे, असंही.

चार दिवसांनी सुनंदा परत आली ती टुणटुणीत. कळ नाही, उलटी नाही. "आत्याच्या हाताला गुण हाय," ती म्हणाली. खडा पडला असणार, असं आम्ही धरून चाललो. गाळणीत काही आलं नव्हतं, पण माहेरी तिने गाळणी नेलीच कुठे होती? सोनोग्राफीचा दिवस आला तेव्हा ती म्हणाली, दुखत नाही तर कशाला? मलाही सुट्टी टाकायची नव्हती. आम्ही गेलो नाही.

कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नाही. हे वाक्य मला कुणीतरी त्या दिवशी कानाला धरून सांगायला हवं होतं. खडा नळीत घट्ट बसला की कधी कधी दुखणं थांबतं, आणि वर मूत्रपिंड मुकाट्याने फुगत जातं. त्याला हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात.

आणखी चार-पाच दिवस गेले. एका सकाळी तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्यांखाली दात वाजत होते, आणि पायांत जोरच नाही, म्हणाली. रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि लगेच पेणच्या युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकाराच्या सर्जनकडे धाडलं. शेजाऱ्यांची गाडी घेतली. नागोठणं जाईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.

पेणला दाखल केलं. रक्त काढलं, ईसीजी काढला, सीटी स्कॅन झाला. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तरुणच होते, चाळिशीच्या आतले. "खडा तिथेच आहे. मागे तुंबलेल्या लघवीत जंतू झालेत. स्टेंट घालून वाट मोकळी करायला हवी. उशीर झाला तर डावी किडनी हातची जाईल, आणि जंतू रक्तात पसरले तर त्याहून वाईट होईल." स्टेंट म्हणजे खड्याच्या बाजूने वर सरकवायची प्लास्टिकची बारीक नळी.

मग आजच करा, म्हटलं. ते म्हणाले, "रक्तातलं पोटॅशियम फार वाढलंय. अशात भूल दिली तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. आधी ते उतरवतो." त्यांनी सिरप बंद केलं, शहाळी बंद केली, सलाईनमधून औषधं दिली. रात्री उशिरा पोटॅशियम उतरलं. सकाळी पहिलाच नंबर लावू, असं ठरलं.

सकाळच्या रिपोर्टात ते परत चढलं होतं.

डॉक्टर रिपोर्ट घेऊन पलंगाशी आले. "एवढं चढायला नको होतं. ताई, दुसरं काही घेताय का? काढा, चूर्ण, काहीही?" सुनंदाने मान हलवली. नाही. आत्याचा पाला माहेरीच संपला असं धरून मीही तो सांगितला नाही. ते गेले आणि ती टॉवेल काढते म्हणून पिशवीकडे वळली. मी खिडकीशी होतो. काचेत मला दिसलं, तिने खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली आणि एक घोट घेतला. आत राखट रंगाचं पाणी होतं.

"काय आहे ते?"

"पाणी."

मी बाटली तिच्या हातातून घेतली. तिच्यात ओढून धरायचंही बळ नव्हतं. मग ती हळू आवाजात बोलली. "आत्याचं औषध हाय. डॉक्टरला बोलू नका. बोललं तर गुण जातो."

"तुझा गुण गेला तर जाऊ दे ना."

"माझा नाय हो. तिच्या हातचा जातो. कायमचा. किती माणसं येतात तिच्याकडं. तिच्या सासूनं मरताना दिलेलं हाय तिला. माझ्यापायी जायला नको."

खरं सांगतो, मला राग आला, आणि त्याच वेळी रडूही आलं. ही बाई आपली किडनी घालवायला बसली होती, पण आत्याचा गुण घालवायला तयार नव्हती.

मी बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ओरडतील वाटलं होतं, पण ओरडले नाहीत. बाटली हलवून बघितली, वास घेतला. "यात काय आहे ते कळल्याशिवाय भूल देणारे डॉक्टर पुढे येणार नाहीत. मुळी असेल, भस्म असेल, धातू असेल. तपासणीला पाठवलं तर उत्तर यायला दिवस लागतील, आणि तेवढे आपल्याकडे नाहीत. ज्यांनी दिलं त्यांना विचारा."

रिक्षा केली आणि खाडीकाठची वाट धरली. काय बोलायचं ते जुळवत होतो. धमकावू की हात जोडू? आत्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकत राहिली, बोटं तांदळात फिरत राहिली. मग तिने एकच विचारलं. "सुनंदा काय बोलली तुमाना? काय हाय त्यात?"

"तिला माहीत नाही. आणि तुझा गुण जाईल म्हणून औषध घेते हेसुद्धा कुणाला सांगायला तयार नाही. डॉक्टरसमोर नाही म्हणाली."

आत्याची बोटं थांबली. तिने सूप बाजूला ठेवलं, पायांत चपला घातल्या, दाराला कडी घातली. "चला," म्हणाली. मी म्हटलं, मला सांग, मी सांगतो डॉक्टरना, तुला कशाला त्रास? ती रिक्षात जाऊन बसली होती.

वाटेत ती पदराचं टोक मुठीत धरून समोर बघत होती.

डॉक्टरांनी तिला आपल्या खोलीत बसायला सांगितलं. ती नको म्हणाली. सुनंदाच्या पलंगाशी गेली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "डॉक्टर, लिवून घ्या. आघाड्याची राख हाय ती. दुसरा काय नाय. चमचाभर, पाण्यातशी, दिसाला तीनदा. माजे सासूनं मना दिला, मी तुमाना देते."

"आत्या, कशाला गो बोललीस?" सुनंदा रडायला लागली. आत्याने तिचं तोंड पदराने पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, नाकासकट.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग आत्याला खुर्ची देऊन त्यांनी समजावलं. झाडाच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड नीट वाहत असेल तर जास्तीचं बाहेर निघून जातं. हिचं एक तुंबलेलं, दुसऱ्यावर गोळ्या-इंजेक्शनांचा ताण. त्यात सिरपमध्येही पोटॅशियम आणि शहाळ्यांतही. "नुसत्या तुमच्या औषधाने झालं नाही, आजी. आमचं सिरपही त्यात होतं. कुणाला कुणाचं माहीत नव्हतं, म्हणून हे झालं." आत्याने मान डोलावली. तिला किती कळलं ठाऊक नाही. बाहेर बाकावर येऊन बसल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, "आता करतील ना तिचा?"

केलं. दुपारपर्यंत पोटॅशियम उतरलं, डायलिसिस लागलं नाही. तीनच्या सुमाराला तिला आत नेलं. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले. तुंबलेली लघवी पुवासारखी गढूळ बाहेर आली होती. "किडनी वाचेल," म्हणाले. आत्या उठली आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आली.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाच दिवसांनी घरी आलो. ताप गेला, भूक आली. स्टेंट आत असताना लघवीला सारखं जावंसं वाटतं, पाठीत चमक येते, कधी लघवी लालसर होते. घाबरू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. तीन आठवड्यांनी दुर्बिणीतून लेसरने खडा फोडला आणि काही दिवसांनी स्टेंट काढला. सुनंदाने खड्याचा चुरा बघायला मागितला. डबीत चिमूटभर तपकिरी रवा होता. "एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

आता ती पाणी पिते. दुकानाच्या मालकिणीने शेजारच्या बँकेतल्या बाईंशी बोलून त्यांच्याकडे जायची सोय करून दिली. दोन वर्षं कुणी विचारलंच नव्हतं म्हणून झाली नव्हती. कुळथाची पिठी आम्ही खातो, पण भाताबरोबर, औषध म्हणून नाही. आणि डॉक्टरकडे गेलात की घरात जे जे पोटात जातं ते सगळं सांगा. चांगलं, वाईट, देवाचं, गावचं. लाजू नका आणि कुणाला जपू नका. जपायचं तर आधी दुखणाऱ्या माणसाला जपा.

सगळं आटोपल्यावर आम्ही आत्याला भेटायला गेलो. आम्ही बसलो होतो तेवढ्यात पलीकडच्या गावचा एक माणूस कंबर धरून औषधाला आला. आत्याने त्याला पाणी दिलं, पेणच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "माजे हातान आता काय नाय रं. तिकडं जा, फोटो काढून घे." तो हिरमुसून गेला. वर्षानुवर्षं माणसांची वाट बघणारा तो ओटा त्या दिवशी फार मोकळा वाटला.

सुनंदा उठली. ती वाकली, आत्याच्या पायांवर हात ठेवून तशीच राहिली. "माझ्यापायी तुझा गुण गेला, आत्या."

आत्याने तिला दंडाला धरून वर उठवलं.

"आघाडा दर पावसाला येतंय गो," ती म्हणाली. "तू गेली असतीस, तं तुना मी कुठशी आणली असती?"